अ‍ॅम्प सारखा प्रोटेक्टमध्ये जातोय? गेनचा स्क्रू बघा, पण त्याआधी अर्थची वायर बघा

"मामा, पुन्हा लाल दिवा."

भाच्याचा हा तिसरा फोन. संध्याकाळचे पावणेआठ, मागे हॉर्नचा कल्लोळ, म्हणजे स्वारी चेंबूरला अमर महलच्या आसपास अडकलेली. डिकीतल्या अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) निळा दिवा लाल झाला की सब, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, गप्प होतो. गाडी बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की परत निळा, परत बेस, आणि दोन सिग्नल पुढे गेलं की परत तेच रडगाणं.

पहिल्या वेळी दुकानदाराने सबची कॉइल जळल्याचं सांगून रिकोनिंग (नवीन कॉइल आणि कोन) करून दिलं. दुसऱ्या वेळी अ‍ॅम्प उघडला आणि "आतला पार्ट गेला होता" म्हणाला. दोन्ही वेळा पैसे घेतले, दोन्ही वेळा मोठ्याने गाणं लावून दाखवलं आणि दोन्ही वेळा गाडी परत देताना अ‍ॅम्पवरचा गेनचा स्क्रू फुल्ल. कॉइल खरंच जळली होती, त्यात काही खोटं नाही. जळलेल्या वार्निशचा तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. पण ती का जळली, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं.

माझा धंदा कार ऑडिओचा नाही. मी लिफ्टच्या कंट्रोल पॅनलवर काम करतो, त्यामुळे मल्टिमीटर कायम पिशवीत. तिसऱ्या फोननंतर त्याला म्हटलं, रविवारी गाडी घेऊन भांडुपला ये, दुकानात जाऊ नकोस. त्या दिवशी जे केलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण असेच प्रॉब्लेम नंतर आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी दोघांना झाले.

गाडीला हात लावण्याआधी त्याला एकच विचारलं, हे नेमकं कधी होतं? तो काळाचौकीहून ठाण्याला वागळे इस्टेटला रोज जातो. सकाळी जाताना कधीच नाही. लोणावळ्याला गेला तेव्हा तीन तास फुल्ल आवाजात वाजवलं, तरी काही नाही. फक्त संध्याकाळी परत येताना, तेही गाडी मुंगीच्या पावलाने चालत असताना. याच उत्तरात अर्धं निदान होतं. संध्याकाळी हेडलाइट चालू, एसी चालू, आणि इंजिन आयडलवर म्हणून अल्टरनेटर जेमतेम करंट देतोय. अ‍ॅम्पला पोटभर मिळत नसणार. नुसतं गरम झाल्यामुळे बंद पडत असता तर लोणावळ्याच्या रस्त्यावर आधी पडला असता.

लाल दिव्याचा अर्थ एवढाच की अ‍ॅम्पने स्वतःला वाचवण्यासाठी दुकान बंद केलंय. यालाच प्रोटेक्टमध्ये जाणं म्हणतात. त्याची कारणं चार: सबची वायर कुठेतरी शॉर्ट झालीय, सबचे ओहम (करंटला होणारा विरोध) अ‍ॅम्पला झेपणार नाहीत इतके कमी झालेत, अ‍ॅम्प फार तापलाय, किंवा त्याला मिळणारं व्होल्टेज खाली गेलंय. कोणतं ते शोधायला पैसे लागत नाहीत. आधी सबच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा, आरसीए (म्युझिक सिस्टिमकडून सिग्नल आणणारी वायर) काढा, आणि अ‍ॅम्प चालू करा. तरीही दिवा लाल राहिला तर अ‍ॅम्पमध्येच काहीतरी गेलंय, पुढचं वाचून उपयोग नाही, दुरुस्तीवाल्याकडे जा. आमचा दिवा निळा आला.

मग सब. मीटर ओहमवर ठेवून सबच्या वायरींच्या टोकांना लावला. १.७ आले. सब दोन कॉइलचा, प्रत्येक कॉइल ४ ओहमची, दोन्ही पॅरलल जोडलेल्या, म्हणजे २ ओहम. मीटर डीसीवर मोजतो म्हणून थोडं कमीच दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अर्धा ओहम किंवा शून्य आलं असतं तर शॉर्ट, आणि काहीच आलं नसतं तर कॉइल तुटलेली. कोनवर दोन्ही हातांची बोटं पसरून तो हलकेच आत दाबून बघितला. खरखर नाही. जळक्या कॉइलचा सब दाबला की आत वाळू असल्यासारखं लागतं.

आता बॉक्सवरचा आकडा. सबच्या खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत १२०० वॅट. तो आकडा विसरून जा. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आरएमएस (सतत झेपणारी पॉवर) ३०० वॅट लिहिलंय, तेवढंच खरं. अ‍ॅम्प ४ ओहमला ३०० आणि २ ओहमला ५०० वॅट आरएमएसचा. म्हणजे ३०० वॅट झेपणाऱ्या सबवर ५०० चा अ‍ॅम्प, आणि त्यावर गेन फुल्ल. कॉइल जळली नसती तरच नवल. मोठा अ‍ॅम्प लावणं चूक नाही, उलट माझ्या मते चांगलंच. फक्त त्याला लगाम हवा.

लगाम घालायच्या आधी व्होल्टेज. हे लोक टाळतात, कारण बोनेटपासून डिकीपर्यंत मीटरची वायर पोचत नाही. मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये वापरतो ती लांब वायर आणली होती. इंजिन आयडलवर, एसी आणि हेडलाइट चालू, आणि त्याचं ते आवडतं डीजे मिक्स लावलं. बॅटरीवर १३.४ व्होल्ट. अ‍ॅम्पच्या पॉवर टर्मिनलवर, ढोल पडला की, १०.८. बरेच अ‍ॅम्प १० च्या आसपास आले की बंद होतात. हा सीमेवरच उभा होता, अमर महलच्या ट्रॅफिकमध्ये आणखी अर्धा-पाऊण व्होल्ट गेला की खेळ खलास.

२.६ व्होल्ट वाटेत कुठे गेले? एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर, दुसरा लांब वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, मीटर डीसीवर, गाणं चालू. इथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं, दोन-चार शतांश. आमचे आले १.१. म्हणजे जवळजवळ निम्मी गळती नुसत्या अर्थमध्ये, अ‍ॅम्पची ग्राउंड वायर गाडीच्या बॉडीला जोडतात तिथे.

डिकीतलं कार्पेट उचललं. अर्थची वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली. मुळात सीटबेल्टचा बोल्ट हात लावायची जागाच नाही, जीव वाचवायचा बोल्ट आहे तो. त्यात थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या रिंगखाली) गाडीचा रंग तसाच, आणि कडेने पांढरट हिरवी बुरशी चढलेली. दोन पावसाळे गाडी रस्त्यावर उभी, डिकीच्या रबरातून पाणी झिरपतं, आणि मुंबईची हवा खारट. रंगावर ठेवलेली अर्थ पहिल्या दिवशी कशीबशी चालते, पावसाळ्यानंतर रुसते. नवीन जागा शोधली, मागच्या बाजूचा जाड पत्रा, खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही हे गाडीखाली वाकून बघितलं. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढा गोल चकचकीत होईपर्यंत घासला. नवीन थिंबल, दातेरी वॉशर, नट-बोल्ट आवळला, आणि वरून ग्रीसचा हात फिरवला म्हणजे परत गंज धरणार नाही. वायर हातभर. परत मोजलं तर ०.०४.

उरलेली गळती पॉझिटिव्ह वायरमध्ये. तिची एक तार ब्लेडने खरवडली तर वरचा तांब्याचा रंग निघाला आणि आत चांदीसारखं पांढरं. म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तीही वायर चालते, पण मग तांब्यापेक्षा बरीच जाड घ्यावी लागते. इथे जाड होतं ते फक्त रबर. शुद्ध तांब्याची ४ गेजची वायर टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. फ्यूज अ‍ॅम्पजवळ लावून काही उपयोग नसतो, तो वायर वाचवायला असतो आणि वायर तर बॅटरीपासूनच सुरू होते. हे काम करताना आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा, पान्हा बॉडीला लागला की ठिणगी उडतेच. झाल्यावर त्याच गाण्यावर अ‍ॅम्पला १२.९ मिळाले.

इथवर आल्यावर भाचा म्हणाला, "म्हणजे गेनचा काही संबंध नव्हता?" संबंध होता. अर्थ दुरुस्त झाल्याने अ‍ॅम्प वाचला, सब अजून वाचला नव्हता. उलट आता अ‍ॅम्पला भरपूर पाणी मिळणार म्हणजे सब आणखी लवकर जळणार.

गेन म्हणजे व्हॉल्यूम, हा समज इतका पक्का आहे की दुकानात बसलेली माणसंही तेच धरून चालतात. डेकमधून (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिममधून) आरसीएने येणारा सिग्नल कुणाचा २ व्होल्टचा, कुणाचा ४ चा. त्या सिग्नलला अ‍ॅम्पने किती मानायचं, ते गेन ठरवतो. म्हणूनच अ‍ॅम्पवर गेनच्या बाजूला ०.२ ते ६ व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. कमाल वॅट अ‍ॅम्पच्या अंगात असतात तेवढेच राहतात. गेन वाढवला की फक्त तिथपर्यंत लवकर पोचता, डेकवर ३० ऐवजी १५ वरच. आणि त्यानंतरही डेक फिरवत राहिलात तर क्लिपिंग.

क्लिपिंग म्हणजे काय ते चाळीत वाढलेल्याला लगेच कळेल. पोटमाळ्यावर सरळ उभं राहायला गेलं की डोकं छताला लागतं. अ‍ॅम्पचं छत म्हणजे त्याचं आतलं व्होल्टेज. आवाजाची लाट त्याच्यापेक्षा उंच व्हायला गेली की तिचा माथा सपाट कापला जातो. लाट पूर्ण चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये जाते. कॉइल तापते, पुढचं सांगायला नको. सबमध्ये हे कानाला पटकन कळत नाही, ट्वीटर (बारीक सुरांचा स्पीकर) असता तर कर्कश्श वाजून ओरडला असता. सबचा आवाज फक्त थोडा जाड, बोजड होतो, आणि पोरांना तेच आवडतं. हीच तर गोची आहे.

आता प्रत्यक्ष सेटिंग. किती व्होल्टला थांबायचं ते आधी काढा: वॅट गुणिले ओहम, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. आमचं ३०० गुणिले २, म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ २४.५ व्होल्ट. ओहम घ्यायचे ते छापलेले, मीटरवरचे १.७ नव्हेत. तोच ३०० वॅटचा सब ४ ओहमचा असता तर ३४.६ आले असते. आणि वॅट सब आणि अ‍ॅम्प यांच्यात ज्याचे कमी त्याचे घ्यायचे. इथे बरेच जण अ‍ॅम्पचे घेतात आणि फसतात.

सबच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा, नाहीतर पुढे लावायचा टोन (एकसुरी चाचणीचा आवाज) घर डोक्यावर घेईल आणि सबही जाईल. डेकमधला इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट बंद, लाउडनेस बंद, सबची लेव्हल शून्यावर. अ‍ॅम्पवरचाही बेस बूस्ट शून्य. हा बूस्ट बहुतेक ४५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि ६ डीबी (डेसिबल) वाढवला तर तिथे चौपट पॉवर मागतो, म्हणून मी तो कायमचा मारून टाकतो. डॅशबोर्डवर बेसचं वेगळं बटण दिलेलं असेल तर सेटिंग करताना ते फुल्ल ठेवा, म्हणजे पुढे कुणी कितीही फिरवलं तरी वर जाणार नाही. अ‍ॅम्पचा एलपीएफ (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ.

मग ५० हर्ट्झचा, ० डीबीचा (रेकॉर्डिंगमधली कमाल पातळी) साइन टोन पेनड्राइव्हवर टाकून लावा. ब्लूटूथने लावू नका, फोनची स्वतःची व्हॉल्यूम मध्ये येते. ५० च का? आपल्या घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरचा साधा स्वस्त मीटरही तिथे बरोबर वाचतो. १००० हर्ट्झवर तोच मीटर काहीही सांगू शकतो.

गेन पूर्ण खाली ठेवून डेकची व्हॉल्यूम एकेक पायरी चढवत गेलो, मीटर एसीवर, अ‍ॅम्पच्या सबच्या टर्मिनलला. भाच्याच्या डेकला ४० पायऱ्या. ३४ पर्यंत दर पायरीला आकडा नीट वाढत होता, ३५ पासून वाढ मंदावली. म्हणजे तिथे डेक स्वतःच क्लिप होतोय. ३१ ही त्याची कमाल ठरवली. यापुढे गाडीत कुणीही बसो, ३१ च्या वर नाही.

डेक ३१ वर, टोन चालू, आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने गेन. हा स्क्रू अत्यंत चावट असतो. पहिल्या पाव फेऱ्यात ९ वरून १३ व्होल्ट, आणि त्यानंतर केसभर हललं की एकदम तीन व्होल्टची उडी. २४.५ धरायला मला पाच-सहा वेळा मागेपुढे करावं लागलं, शेवटी २४.१ वर सोडून दिलं. अर्ध्या व्होल्टने काही बिघडत नाही. घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर स्क्रू साडेदहावर थांबला. दुकानदाराने तो पाचवर ठेवला होता. कुतूहल म्हणून परत पाचवर नेऊन बघितला तर मीटर ३८ दाखवत होता. ३८ चा वर्ग भागिले २, हिशेबाने ७२२ वॅट. ५०० वॅटच्या अ‍ॅम्पमधून ७२२ कुठून येणार? लोड नसताना मीटरला दिसतात, सब जोडला की तिथे नुसती कापलेली लाट.

मीटरला लाटेचा आकार दिसत नाही, हा या पद्धतीतला लंगडा पाय. अ‍ॅम्पवर छापलेले ५०० वॅट खरे आहेत असं आपण धरून चालतो. स्वस्तातल्या अ‍ॅम्पवर २००० छापलेलं असेल आणि फ्यूज ३० अँपिअरचा असेल तर हसून सोडून द्या: ३० गुणिले १४ म्हणजे आतच ४२० वॅट येतायत, बाहेर २००० कसले? अशा अ‍ॅम्पसाठी ऑसिलोस्कोपच हवा. कुणा मित्राकडे असेल तर माथा सपाट व्हायला लागल्याबरोबर थोडं मागे या, काम झालं. काही लोक ० ऐवजी -५ डीबीचा टोन वापरतात, कारण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये पातळी क्वचितच शून्याला पोचते. जुनी भावगीतं ऐकणाऱ्याला ते ठीक. पण हल्लीची कोळीगीतांची डीजे मिक्सं आधीच ठासून भरलेली असतात. त्यांच्यासाठी ० च.

सब परत जोडला, गाणं लावलं, आणि भाच्याचं तोंड एवढंसं. "मामा, कमी झाला ना."

कमी झाला होता, पण वाटतो तितका नाही. ५०० वरून ३०० वॅटवर आलं की फरक जेमतेम सव्वादोन डीबीचा. त्याला हवा होता तो दणका वॅटमध्ये नव्हताच. अ‍ॅम्पवर फेजचा एक स्विच असतो, ० आणि १८०, त्याला कुणी हात लावत नाही. भाचा ड्रायव्हरच्या सीटवर बसला, दारं बंद, मी डिकीच्या बाजूने स्विच सरकवला. आतून ओरडला, "थांब थांब, हेच!" आधी सब आणि पुढच्या दारांचे स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते, ८० हर्ट्झच्या आसपासचा बेस मधल्या मध्ये खाल्ला जात होता. हा बेस गेन वाढवून कधीच मिळाला नसता.

हाच प्रॉब्लेम परत परत का येतो याचं आणखी एक कारण आहे. स्क्रू उघडा असतो आणि प्रत्येक मित्राला तो फिरवायचा असतो. ताईची लाल नेलपॉलिश मागून आणली आणि स्क्रूच्या खाचेतून बॉडीवर एक रेघ ओढली. रेघ तुटली की कळतं, कुणीतरी हात घातलाय.

बिल्डिंगमधल्या दोघांचं थोडक्यात. एकाच्या गाडीत कंपनीचा डेक, आरसीए नाही, स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेतलेला. असे बरेच डेक आवाज वाढवला की बेस आपसूक कमी करतात, म्हणून तो गेन वाढवत बसला होता. त्याला आवाजाची ती एक पातळी शोधून तिथेच सेटिंग करावं लागलं. दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी यायची. आरसीए आणि पॉवरची वायर एकाच बाजूने टाकलेली. आरसीए दुसऱ्या बाजूने नेली, अर्थ घासली, शिट्टी गेली.

भाच्याचा चौथा फोन दोन आठवड्यांनी आला. मागे तोच हॉर्नचा कल्लोळ. मी म्हटलं, लाल दिवा? "नाही मामा, सब मस्त. पण पुढच्या डाव्या दाराचा स्पीकर फाटतोय." साहजिक आहे, दारातल्या सहा इंची स्पीकरला अजून पूर्ण बेस जात होता. म्हटलं, गाडी बाजूला घे, डेकच्या मेन्यूत एचपीएफ (खालचा बेस अडवणारा फिल्टर) शोध, ८० वर ठेव. फोन चालूच होता. "केलं," म्हणाला, आणि आवाज वाढवला.